जोर केला

सातपूरच्या कंपनीत एकतीस वर्षं
मी दुसऱ्यांच्या चुकांवर लाल ठिपका लावला.
गेज आत गेला की पास,
अडकला की ठिपका,
आणि तुकडा भंगाराच्या पिंपात.
कार्डावर ऑपरेटरचं नाव. माझं कुठंच नाही.

आता उत्तमनगरच्या घरापुढे, पोर्चमध्ये,
गोणपाट अंथरून बसतो
अठ्ठ्याऐंशी सालच्या स्कूटरसमोर
आणि विजेच्या मीटरशेजारी, भिंतीवर,
सुताराच्या पेन्सिलीनं लिहितो:

१४ मार्च. प्लग तिरका बसला. जोर केला. आटे गेले.

'जोर केला' लिहायला तीन दिवस लागले.
आधी नुसतं लिहिलं होतं, आटे गेले.
जणू ते आपले आपण उठून गेले,
पायात चपला सरकवून, कोपऱ्यावर चहा प्यायला.

भद्रकालीत गफूरभाईंनी हेड हातात घेतलं,
भोकात करंगळी फिरवली
आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग बुश बसवून दिलं, म्हणाले,
आधी बोटांनी फिरवायचं साहेब, पाना नंतर.
अडलं तर बोटाला कळतं.
पान्याला काय, तो फिरतच राहतो.

२ एप्रिल. सगळं जोडलं. वायसर एक उरला.

तो अजून खिडकीत आहे.
शैला रोज त्याच्याखालची धूळ पुसते
आणि परत तिथंच ठेवते.
कुठला, हे तिनं विचारलेलं नाही.
मीही दोन वेळा सगळं खोललं, जोडलं.
दुसऱ्या वेळी दोन उरले.

जूनमध्ये कार्बोरेटर धुतला.
जेटमधून फुंकर मारली, पलीकडचं आभाळ दिसलं,
टाचणीच्या टोकाएवढं, पण दिसलं.
दुसऱ्या किकला स्कूटर चालू.
शेजारच्या कुलथेंना हॉर्न देऊन निघालो
ते त्रिमूर्ती चौकाच्या अलीकडे बंद.
तिरकी केली. किक. पुन्हा तिरकी. किक.
प्लग काढून शर्टाला पुसला.
भाजीवाली मेथीच्या जुड्या बांधत बघत होती.
बारावी किक असेल, तेव्हा म्हणाली,
आमच्या यांची पण हीच गाडी होती.
कॉक उघडलाय का?

घरी येऊन लिहिलं: कॉक.
बाकी काही लिहवलं नाही.

शैला वाचून म्हणाली,
कंपनीनं तुम्हाला लोकांच्या चुका मोजायला पगार दिला,
आता आपल्या फुकट मोजा.
आणि हसली, आणि चहा ठेवला,
आणि चहात साखर विसरली.
मी पेन्सिल पुढे केली. तिनं घेतली नाही.

दिवाळीआधी रंगारी आला, दगू जगताप,
मागच्या ब्रेकच्या नोंदीपासून उलटं वाचत गेला,
ओठ हलवत, ब्रश बादलीतच.
काका, पेन्सिल आहे, एका हातात झाकून जाईल.
मी म्हटलं, हं.
मग आत गेलो. शिडी सरकल्याचा आवाज येत राहिला.

संध्याकाळी बाहेर आलो तर
सगळी भिंत मोतिया रंगाची,
आणि मीटरशेजारी ताटाएवढी जागा
जुनी, पिवळट, तशीच,
कडेनं ब्रश फिरवून सोडलेली.
एक ओळ जास्त होती, त्याच्या अक्षरात:
चेन उलटी लावली होती. शाईन. २०१९.

आज सकाळपासून
दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरच्या मध्ये
खिशात सुटे पैसे चाचपल्यासारखा आवाज येतो.
पाना गोणपाटावर ठेवलाय, लांब.
बोटं आत घातली आहेत.
भिंतीवर आजची तारीख लिहिली आहे,
पुढे अजून काही नाही.